हरवलेला मध्य : पीतबिंदूचा ऱ्हास आणि जॉर्जिया ओकीफ यांची उत्तरकालीन निर्मिती

प्रस्तावना

मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन शब्द मराठी घरांत सर्वपरिचित आहेत. एखाद्या वृद्धाला मोतीबिंदू झाला आहे असे म्हटले की पुढचे सारे आपोआप समजते : तो पिकेल, ऑपरेशन होईल, काही दिवस हिरवी पट्टी अथवा काळा चष्मा, आणि मग पुन्हा वर्तमानपत्र. वार्धक्यात दृष्टी हिरावून घेणारा तिसरा महत्त्वाचा आजार, म्हणजे वयोमानपरत्वे होणारा पीतबिंदूचा ऱ्हास, मात्र बोलीभाषेत अद्याप स्थिरावलेला नाही. रुग्णाचे नातेवाईक त्याला 'पडद्याचा आजार' म्हणतात. या एका शब्दप्रयोगात मधुमेहामुळे होणारी हानी, पडदा सुटणे आणि वयामुळे होणारा ऱ्हास हे सर्वच एकत्र कोंबले जाते. ज्याला नाव नाही त्याचे आकलनही धूसर राहते. त्यामुळेच भिंतीला न धडकता अंगणात फिरणारे, पण समोर उभ्या असलेल्या नातवाला न ओळखणारे आजोबा घरच्यांना 'सोंग करणारे' वाटू लागतात.

प्रस्तुत लेखाचे क्षेत्र कलासमीक्षेचे आहे. अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ (१८८७–१९८६) यांना उत्तरायुष्यात हा आजार झाला. सुमारे सहा दशके चित्रनिर्मिती केल्यानंतर त्यांच्या दृष्टीचा मध्यभाग गेला आणि केवळ कडेची दृष्टी शिल्लक राहिली. त्यानंतरही त्या दीर्घकाळ काम करीत राहिल्या. या कामाविषयी जे लिहिले जाते त्यात सामान्यतः दोन सूर आढळतात. एक सूर ऱ्हासाचा : दृष्टी गेली, चित्र संपले, उरले ते विरंगुळ्यासारखे. दुसरा सूर विजयाचा : अंधत्वावर मात करणारी जिद्दी वृद्धा. हे दोन्ही सूर परस्परविरोधी भासत असले तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोहोंनाही त्या कलाकृतींकडे नीट पाहण्याची गरज वाटत नाही. आजाराचे नेमके स्वरूप लक्षात घेऊन या कृतींची चिकित्सा केली असता असे दिसून येते की त्या सर्व एकाच दर्जाच्या नाहीत, आणि त्यांतील दर्जाचा फरक दृष्टी किती उरली यावर जितका अवलंबून आहे त्याहून अधिक तो, उरलेल्या दृष्टीशी कामाची सांगड कशी घातली गेली, यावर अवलंबून आहे.

आजार आणि आजाराची चित्रे

डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक पिवळसर भाग असतो. त्यालाच पीतबिंदू अथवा मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे, रंगांतील बारीक फरक जाणणे ही सर्व कामे या इवल्याशा जागेवर, त्यातही तिच्या मध्यावरील खोलगट भागावर अवलंबून असतात. वाढत्या वयात या भागाखाली ड्रुसेन नावाचे पिवळे साठे जमू लागतात, आणि प्रकाशग्राही पेशी व त्यांना पोसणारा थर क्रमाक्रमाने निकामी होतो. हा आजाराचा कोरडा प्रकार होय. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारात मोडतात आणि त्याची गती मंद असते. ओल्या प्रकारात पटलाखाली नाजूक, अनैसर्गिक रक्तवाहिन्या वाढतात, त्या पाझरतात, आणि काही आठवड्यांतच मधली दृष्टी ढासळू शकते. दोन्ही प्रकारांत परिघावरील दृष्टी सहसा शाबूत राहते. म्हणून या आजाराने सहसा पूर्ण काळोख येत नाही. 'अंध' हा शब्द कायद्याच्या व्याख्येनुसार लागू पडेल, परंतु वर्णन म्हणून तो चुकीचा आहे.

या चुकीला आरोग्यविषयक पुस्तिकांमधील एका चित्राने फार मोठा हातभार लावला आहे. दोन मुले चेंडू घेऊन उभी आहेत, आणि छायाचित्राच्या बरोबर मध्ये एक काळी, गोल चकती आहे. खाली लिहिलेले असते : 'रुग्णाला असे दिसते'. चित्र म्हणून हे सोपे आहे व निरोगी डोळ्याला ते तत्काळ पटते. परंतु ते दिशाभूल करणारे आहे. पुष्कळ रुग्णांना असा काळा ठिपका जाणवतच नाही. त्यांना जाणवते ती धूसरता, वाकलेल्या रेषा, शब्दातून गळून पडलेली अक्षरे. मेंदू उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करतो, आणि त्यामुळे जे नाही ते नाही असे कळतही नाही. शिवाय छायाचित्रातील चकती स्थिर असते. रुग्णाची उणीव मात्र त्याच्या नजरेबरोबर फिरते. ज्याकडे तो पाहू जातो नेमके तेच नाहीसे होते, आणि नजर बाजूला नेली की ते कडेने पुन्हा प्रकट होते. पाहण्याच्या क्रियेतच न-पाहणे दडलेले असते, ही या आजाराची खरी व्यथा स्थिर छायाचित्रात येऊच शकत नाही.

त्या मानाने स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४० च्या दशकात प्रचारात आणलेला चौकटींचा तक्ता कितीतरी प्रामाणिक आहे. दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस, त्यात पाच मिलिमीटरच्या चारशे चौकटी, मध्ये एक टिंब. वाचनाचा चष्मा लावून, साधारण एका फुटावर धरून, एक डोळा झाकून टिंबाकडे पाहायचे. रेषा वाकड्या, तुटक अथवा पुसट दिसू लागल्या तर नेत्रतज्ज्ञाकडे विनाविलंब जायचे. एक डोळा झाकण्याची अट महत्त्वाची आहे, कारण दोन्ही डोळे उघडे असता चांगला डोळा वाईट डोळ्याचे दोष झाकतो आणि आजार महिनोन्‌महिने लपून राहतो. हा तक्ता रुग्णाला काय दिसते हे परस्पर सांगत नाही. तो त्यालाच विचारतो. कलासमीक्षेच्या दृष्टीने हा भेद नोंद घेण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या दृष्टीचे चित्र परस्पर काढणे आणि त्याच्या दृष्टीला बोलते करणे, या दोन पद्धती पुढील विवेचनातही पुन्हा भेटतील.

देगा : एक सावध पूर्वपीठिका

चित्रकाराच्या डोळ्याचा आजार आणि त्याची शैली यांचा संबंध जोडण्याचा मोह जुना आहे. मोने यांचा मोतीबिंदू हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. मध्यदृष्टीच्या संदर्भात मात्र एद्गार देगा (१८३४–१९१७) यांचे उदाहरण अधिक जवळचे ठरते. १८७० च्या युद्धकाळात, वयाच्या छत्तिशीत, देगांना आपल्या उजव्या डोळ्यातील दोषाची जाणीव झाली. पुढे मधली दृष्टी क्रमाने खालावत गेली. आजार तरुणपणीच सुरू झाल्यामुळे तो वयोमानपरत्वे होणारा ऱ्हास म्हणता येणार नाही. परिणाम मात्र त्याच जातीचा होता.

अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मोर यांनी २००६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने देगांच्या चित्रांवर त्यांच्या त्या त्या काळातील दृष्टिक्षमतेइतकी धूसरता चढवून पाहिली. निष्कर्ष मोठा मार्मिक होता. आपल्याला देगांच्या उत्तरकालीन पेस्टल चित्रांतील जाड, ओबडधोबड, उघड्या पडलेल्या रेघा दिसतात. धूसरता चढवल्यावर त्या रेघा एकमेकींत मिसळतात, छायाभेद मृदू होतो, आणि चित्र अधिक 'संपूर्ण' भासते. म्हणजे जे खडबडीतपण आधुनिक समीक्षेला धाडसी वाटले ते स्वतः चित्रकाराला कदाचित दिसतच नव्हते.

हे प्रतिपादन मोलाचे आहे, परंतु त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. संगणकाने चढवलेली धूसरता सर्व चित्रावर सारखी असते. देगांची उणीव मध्यात होती आणि नजरेबरोबर हलत होती. आणि समजा त्यांना आपल्या रेघा मृदू दिसत होत्या, तरी त्या रेघांची दिशा, रंगांची निवड, आकृतीची मांडणी यांचे श्रेय धूसरतेला कसे देता येईल? डोळ्याचा आजार रेघ जाड करू शकतो. नर्तिकेचा खांदा चौकटीच्या कडेने कोठे कापावा हे तो सांगत नाही. देगांच्या बाबतीत अधिक बोलकी वस्तुस्थिती वेगळीच आहे : त्यांच्या मृत्यूनंतर चित्रशाळेत मेण व मातीतील दीडशेच्या आसपास शिल्पे मिळाली, आणि हयातीत त्यांनी त्यांपैकी केवळ एकच, १८८१ मध्ये, जाहीर प्रदर्शनात मांडले होते. डोळा माघार घेत असताना हात दुसरे माध्यम चाचपडत होता.

मध्याची चित्रकर्ती

ओकीफ यांच्या कलेचा इतिहास एका अर्थाने मध्याचा इतिहास आहे. १९२० च्या दशकात त्यांनी फुलांची जी भव्य चित्रे काढली त्यांमागील विचार त्यांनी स्वतःच मांडला आहे : फूल लहान असते, त्याकडे पाहायला कोणाला सवड नसते, म्हणून ते इतके मोठे काढायचे की न्यूयॉर्कच्या धांदलीतील माणसालाही थांबावे लागेल. 'ब्लॅक आयरिस' (१९२६) किंवा 'जिम्सन वीड' (१९३२) पाहताना प्रेक्षकाची नजर फुलाच्या गाभ्याकडेच ओढली जाते. पार्श्वभूमी जवळजवळ नाहीच. पाकळीच्या कडेवर रंग इतक्या अलगद उतरतो की कुंचल्याचा माग सापडत नाही. ही चित्रे ज्या दृष्टीने काढली गेली ती पीतबिंदूची दृष्टी होती : एका ठिकाणी स्थिरावणारी, बारकावे टिपणारी, रंगाच्या दोन छटांतील केसाएवढे अंतर जाणणारी. नेमके हेच नियतीने मागितले, असे भावविवश विधान येथे सहज करता येईल. परंतु समीक्षेने त्या मार्गाला जाऊ नये. वृद्धापकाळात अनेकांना होणारा हा आजार चित्रकर्तीला झाला, इतकेच.

१९२९ पासून न्यू मेक्सिकोचा उजाड, मोकळा प्रदेश त्यांच्या चित्रांत आला, आणि पती आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या १९४६ मधील निधनानंतर १९४९ मध्ये त्या कायमच्या तेथे स्थायिक झाल्या. या स्थलांतराचा एक परिणाम पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. क्षितिज, आडवे थर, दूरवरचे डोंगर या गोष्टी कडेच्या दृष्टीलाही गवसतात. १९६५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, घोस्ट रँच येथील गॅरेजमध्ये त्यांनी आठ फूट उंच व चोवीस फूट रुंद असे 'स्काय अबव्ह क्लाउड्स ४' रंगवले. विमानातून दिसलेल्या ढगांचे हे चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याला मध्य नाही. एकसारखे पांढरे लंबगोल क्षितिजापर्यंत लहान लहान होत जातात. नजर कोठेच स्थिरावत नाही, आणि स्थिरावावी अशी चित्राची मागणीही नाही. येथे आजाराचे भाकीत शोधणे अनाठायी होईल. इतकेच म्हणता येईल की मध्यावाचून चित्र उभे राहू शकते, हे ज्ञान त्यांच्यापाशी गरज पडण्यापूर्वीच जमा होते.

दुसरा साठा स्पर्शाचा होता. ओकीफ यांना गुळगुळीत दगड जमवण्याचा छंद होता. अशाच एका काळ्या दगडाला विषय करून त्यांनी चित्रे काढली. दगड पुन्हा मध्यभागीच आहे, परंतु फुलाच्या मध्याहून हा मध्य निराळा आहे. त्यात बारकावे नाहीत. कडा आहे, वजन आहे, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवरील काळ्याची स्पष्ट सीमा आहे. मुठीत धरून पूर्ण कळणारी ही वस्तू आहे. ही चित्रे पाहताना डोळा आणि तळहात यांतील कोणी कोणाला सांगितले, असा प्रश्न पडतो.

१९७२ आणि त्यानंतर

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले आणि नव्या पिढीला त्यांची नव्याने ओळख झाली. जवळजवळ त्याच सुमारास मधली दृष्टी जात होती. १९७२ मधील 'द बियाँड' हे कोणाच्याही मदतीविना पूर्ण केलेले त्यांचे अखेरचे तैलचित्र. खाली काळोखाचा मोठा पट्टा, वर निळसर आकाश, आणि मध्ये क्षितिजाची उजळ आडवी रेघ. चित्राच्या नावामुळे मृत्यूचे आणि पैलतीराचे अर्थ लावले जाणे स्वाभाविक आहे. तथापि रचनेकडे पाहिले असता एक अधिक साधी गोष्ट लक्षात येते. हे चित्र काढण्यासाठी आणि पाहण्यासाठीही कडेची दृष्टी पुरते. तीव्र विरोध असलेले दोन मोठे पृष्ठभाग आणि त्यांना विभागणारी एक लांब रेघ : दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींना आज पुनर्वसन केंद्रांत जो सल्ला दिला जातो, म्हणजे काळ्यावर पांढरे, मोठा आकार, कमी गर्दी, तो येथे चित्राचे व्याकरण झाला आहे.

(१९७२ याच वर्षी सत्यजित राय यांनी बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला, हा योगायोग भारतीय वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बिनोदबाबूंची दृष्टी पूर्णपणे गेली आणि त्यानंतर त्यांनी कागद कापून चिकटचित्रे केली. परंतु त्यांचे अंधत्व पूर्ण होते. ओकीफ यांच्या समस्येचे स्वरूप वेगळे आहे : दिसते आहे, पण जेथे पाहावे तेथे दिसत नाही.)

१९७३ मध्ये ह्वान हॅमिल्टन हा तरुण मृत्तिकाशिल्पी काम मागत त्यांच्या दारी आला आणि पुढे त्यांच्या अखेरपर्यंतचा सहकारी झाला. त्याच्या प्रोत्साहनाने ओकीफ हाताने मातीची भांडी घडवू लागल्या. ही भांडी त्यांच्या चित्रांइतकी प्रसिद्ध नाहीत, आणि केवळ कारागिरीच्या निकषावर ती असामान्य आहेत असेही म्हणता येणार नाही. तरीही उत्तरकालीन निर्मितीच्या विचारात त्यांना अग्रस्थान द्यावे लागते. घडवताना तळहात आत आणि बोटे बाहेर असतात. भांड्याला समोरची बाजू नसते. कोठे पाहावे हा प्रश्नच उद्भवत नाही. काळ्या दगडाच्या चित्रांत जे ज्ञान डोळ्यामार्फत मांडले होते ते येथे थेट हाताकडे आले.

याच काळातील जलरंगांचा विचारही असाच करावा लागेल. जलरंग आणि कोळसा ही माध्यमे त्यांनी १९७८ पर्यंत, आणि पेन्सिल तर १९८४ पर्यंत, कोणाच्या मदतीविना हाताळली. १९७६–७७ मधील 'लाइक ॲन अर्ली ब्ल्यू ॲबस्ट्रॅक्शन' या चित्राच्या शीर्षकातच पूर्वस्मृती आहे : १९१६ मध्ये, नावारूपाला येण्यापूर्वी, त्यांनी निळ्या रंगाच्या काही अमूर्त रचना केल्या होत्या. साठ वर्षांनी हात त्याच वळणाकडे परत गेला. ओल्या कागदावर भरलेला कुंचला एका दमात फिरवला की उरलेले काम पाणी करते. तेथे छटेवर छटा चढवण्याची, कडा पुन्हा पुन्हा तपासण्याची गरज नसते. वृद्ध कलावंत आपल्या तारुण्याची नक्कल करीत आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु नक्कल करणाऱ्याला मूळ चित्र डोळ्यांसमोर ठेवावे लागते. येथे हाताच्या स्मृतीत साठलेले वळण कामी आले आहे, आणि त्या वळणात अनिश्चिततेचा थरथराट आहे जो १९१६ च्या रचनांत नव्हता. तो थरथराट दोष मानायचा की नवी अभिव्यक्ती, याबाबत मतभेद संभवतात. प्रस्तुत विवेचनात त्याला अभिव्यक्ती मानले आहे, कारण तो लपवलेला नाही.

साहाय्यकाचा हात

याउलट १९७६–७७ च्या सुमारास केलेली तैलचित्रे, विशेषतः 'फ्रॉम अ डे विथ ह्वान' ही मालिका, अनेक अभ्यासकांनी गौरवलेली असली तरी काहीशी निराशाजनक वाटते. वॉशिंग्टनमधील स्मारकस्तंभाखाली उभे राहून वर पाहिल्याच्या अनुभवावर ही मालिका आधारलेली आहे. वर निमुळता होत जाणारा आकार, राखीपासून निळ्यापर्यंत अलगद बदलणारा रंग. कल्पना ओकीफ यांचीच आहे यात शंका नाही. परंतु ती साकार करण्यासाठी लागणारा तलम रंगसंक्रम हे पीतबिंदूचे काम आहे, आणि ते करणारा हात साहाय्यकाचा होता. त्या काळातील काही तैलचित्रांवर, घरातील किरकोळ कामांसाठी आलेल्या एका तरुणाने त्यांच्या सूचनेनुसार रंग चढवला होता, ही गोष्ट पुढे त्यानेच जाहीर केली आणि कलाजगतात बरीच चर्चा झाली.

साहाय्यकाची मदत घेणे यात गैर काहीच नाही. युरोपातील मोठमोठ्या चित्रशाळा शिष्यांच्या हातांवर चालत आल्या. आपल्याकडील लघुचित्रांत तर रेखाटणारा एक आणि रंग भरणारा दुसरा अशी विभागणी मान्यच होती. प्रश्न दोन आहेत, आणि ते वेगवेगळे ठेवले पाहिजेत. पहिला प्रश्न उघडपणाचा आहे. ज्या चित्रकर्तीची ख्याती 'स्वतःच्या डोळ्याने पाहणारी' म्हणून, तिच्या चित्रामागे दुसऱ्याचा हात असल्याचे प्रेक्षकाला सांगितले गेले नाही. येथे दोष वृद्धापकाळाच्या असहायतेला देणे योग्य होणार नाही. कलेच्या बाजारात सहीला जी किंमत असते तिला तो द्यावा लागेल. साहाय्यकाचे नाव लिहिले असते तर चित्रांचे मोल कमी झाले असते, हीच ती भीती होय. तसे पाहता चष्मा, भिंग, काठी आणि दुसऱ्याचा हात ही सर्व दृष्टिदोषाच्या व्यवस्थापनाची साधने आहेत. त्यांपैकी फक्त शेवटचे लपवावेसे वाटते, कारण त्याला स्वतःचे नाव असते.

दुसरा प्रश्न गुणवत्तेचा. जलरंग आणि माती यांत ओकीफ यांनी कामच बदलले. उरलेल्या दृष्टीला आणि शाबूत हाताला जे जमेल असे नवे काम शोधले. तैलचित्रांत मात्र काम जुनेच ठेवले आणि डोळा उसना घेतला. उसन्या डोळ्याने तलमपणा येतो. तो तलमपणा कोठे मोडायचा हे त्या डोळ्याला कळत नाही. 'जिम्सन वीड'मध्ये पाकळीची कड एका ठिकाणी किंचित हिरवट होते आणि सारे फूल जिवंत होते. असा एखादा क्षण या मालिकेत सापडत नाही. सूचना देणाऱ्याला तो क्षण दिसत नव्हता आणि सूचना पाळणाऱ्याला तो ठरवण्याचा अधिकार नव्हता.

ओकीफ यांच्याच पिढीच्या मागे-पुढे वावरलेल्या हेडा स्टर्न (१९१०–२०११) यांचे उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. १९५१ मध्ये 'लाइफ' मासिकात छापलेल्या अमूर्त चित्रकारांच्या प्रसिद्ध समूहछायाचित्रातील त्या एकमेव स्त्री. उतारवयात पीतबिंदूचा ऱ्हास झाल्यावर त्यांनी रंगवणे सोडले आणि रेखाटनाकडे वळल्या. स्वतःच्या सदोष डोळ्यात तरळणारे ठिपके, तंतू, धुके हेच त्यांनी विषय म्हणून घेतले. कागद पांढरा, रेघही जवळजवळ पांढरी. या रेखाटनांना आम्सलरच्या तक्त्याचे जणू उत्तर म्हणावे लागेल : रेषा कोठे वाकते हे रुग्णाने स्वतः, स्वतःच्या हाताने दाखवले आहे. आरोग्यपुस्तिकेतील काळ्या चकतीऐवजी यांतील एखादे रेखाटन छापले तर वाचकाला आजार अधिक कळेल.

उपचार बदलले, प्रश्न उरला

ओकीफ यांच्या हयातीत या आजारावर उपाय जवळपास नव्हता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ओल्या प्रकारातील काही रुग्णांवर लेसरचा उपयोग सिद्ध झाला, पण तो जेथे पडे तेथील दृष्टीही जाळीत असे. खरा बदल २००६ च्या सुमारास झाला. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे डोळ्यात टोचण्यास सुरुवात झाली आणि ओल्या प्रकारात दृष्टी टिकवणे, क्वचित सुधारणेही शक्य झाले. मूळ कर्करोगासाठी तयार झालेले बेव्हॅसिझुमॅब हे स्वस्त औषध महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे आहे, हे २०११ मध्ये अमेरिकेतील मोठ्या तुलनात्मक चाचणीत दिसून आले. आपल्यासारख्या देशात, जेथे हा खर्च बहुधा कुटुंबाच्याच खिशातून होतो, या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मात्र हे इंजेक्शन मोतीबिंदूच्या ऑपरेशनासारखे एकदाचे काम नव्हे. ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, आणि 'आता बरे दिसते' म्हणून मध्येच थांबलेले रुग्ण पुष्कळदा कमावलेली दृष्टी गमावतात. कोरड्या प्रकारात धूम्रपान सोडणे, मध्यम अवस्थेत विशिष्ट जीवनसत्त्वे व क्षार यांचे ठरावीक मिश्रण, आणि नियमित तपासणी यांवरच मुख्यतः भर असतो. २०२३ मध्ये त्याच्या अंतिम अवस्थेसाठी अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली. ती ऱ्हासाची गती कमी करतात, गेलेली दृष्टी परत आणत नाहीत.

गेलेली दृष्टी परत येत नाही, या एका वाक्याशी वैद्यकशास्त्र जेथे थांबते तेथून दृष्टिपुनर्वसनाचे काम सुरू होते. भिंग, प्रखर पण डोळ्यावर न येणारा प्रकाश, ठळक विरोधी रंग, आणि कडेच्या दृष्टीने पाहण्याचा सराव. या सरावात रुग्णाला वस्तूकडे थेट न पाहता तिच्या किंचित वर अथवा बाजूला पाहण्यास शिकवले जाते, म्हणजे वस्तू दृष्टिपटलाच्या शाबूत भागावर पडते. हे शिकायला वेळ लागतो आणि ते विचित्रही दिसते : बोलणारी व्यक्ती आपल्याकडे न पाहता आपल्या कानाकडे पाहते आहे असे वाटते. घरच्या माणसांना हे अगोदर सांगितलेले असले पाहिजे, नाहीतर त्याचाही 'सोंग' असाच अर्थ लावला जातो. आयुष्यभर वस्तूंना सरळ मध्यावर आणून पाहिलेल्या व्यक्तीला, त्यातही चित्रकाराला, वस्तूवरून मुद्दाम नजर ढळवणे किती कठीण जात असेल याची कल्पना ओकीफ यांच्या जलरंगांतून येते. त्यांतील आकार बहुधा कागदाच्या मध्यावर घट्ट बसत नाही. कडेकडे सरकतो, एखादा टोकाला अर्धवट सुटतो. १९२६ च्या ओकीफ यांनी तो कागद फाडून टाकला असता. १९७७ च्या ओकीफ यांनी त्याला शीर्षक दिले आणि ठेवून घेतला.